आल्कोयची मूर-ख्रिश्चनांची जत्रा: तुमचेही अनुभव लिहा

रानजाई:
काल गल्लीत पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. दारूचा वास नाकात शिरला आणि मी थेट आल्कोयला! स्पेनमधलं आलिकांतेकडचं डोंगरातलं गाव, सहसा २२ ते २४ एप्रिलच्या सुमारास, संत जॉर्जचा उत्सव. १२७६ साली मूरांचा, म्हणजे स्पेनमधल्या त्या काळच्या मुसलमानांचा, सरदार अल-अझ्रक गावावर चाल करून आला तेव्हा संत स्वतः धावून आला, ही तिथली श्रद्धा. घरमालकीणबाईंचे यजमान, ते आजोबा, मूरांच्या 'फिला'त, म्हणजे मंडळात. मिरवणुकीत अकरा जण खांद्याला खांदा भिडवून, ढोलाच्या एकेका ठोक्याला एक पाऊल. आजोबा समोर आले तेव्हा झग्याची किनार तेवढी हलत होती. बाई रडायला लागल्या, मग मीही.

दहा ते पाच:
तिसऱ्या दिवसाच्या लुटुपुटूच्या लढाईचं लिहा ना! सकाळी मूर किल्ला घेतात, दुपारी ख्रिश्चन परत मिळवतात, दिवसभर बंदुकांचे बार. कापसाचे बोळे घातले होते तरी रात्रभर कान वाजत होते. कुकर झाला, येते.

कोकणी मेवा:
आम्ही तिकडच्याच समुद्रकाठच्या बियाखोयोसा गावातलं पाहिलं, जुलैच्या शेवटी. भल्या पहाटे मूर होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात. लेक खांद्यावर झोपली होती, पहिल्या बाराला दचकून उठली ती सकाळपर्यंत गळ्यालाच. त्या गावातलं चॉकलेट मात्र खाच.

चणेफुटाणे:
आल्कोयची कॉफीची दारू कुणी घेतली का? लिंबाच्या बर्फाळ सरबतात घालून देतात. गोड लागते म्हणून भराभर पिऊ नका, चढते.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात चांदोरला कार्निव्हलच्या दिवसांत मुसळ खेळ असतो. ख्रिस्ती घरांतले पुरुष मुसळं आपटत नाचतात, तोही जुन्या विजयाच्या आठवणीचाच. लहानपणी बाबांचा हात धरून बघायला जायचे.

दहा ते पाच:
आले परत. रात्री तटावर लहान मूल संत जॉर्ज होऊन बाण सोडतं, ते राहिलंच की. आणि बायकांना फिलांमध्ये बरोबरीनं चालायला किती उशिरा मिळालं! त्याचं मला फार वाईट वाटलं.

चणेफुटाणे:
रानजाई, आजोबा अजून चालतात का मिरवणुकीत?

रानजाई:
नाही हो, गेले. झगा बाईंनी नातीला दिलाय. उंचीला लांब होतोय म्हणून खाली दुमड घातली, फोटो पाठवला होता.

कोकणी मेवा:
😢 बाईंना आमचा नमस्कार सांगा. ती पांढऱ्या राजम्याची आणि डुकराच्या मटणाची ओयेता त्या कशी करायच्या, जमलं तर विचारून टाका ना इथे.