मदत हवी आहे: मिफ्लिन गिब्स यांच्या व्हिक्टोरियातल्या वर्षांबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना मिफ्लिन गिब्स या कृष्णवर्णीय अमेरिकन व्यापाऱ्याची गोष्ट सांगायची आहे. जन्म १८२३, फिलाडेल्फिया. सॅन फ्रान्सिस्कोत भागीदारीत बूट-चपलांचं दुकान चांगलं चालत होतं, पण गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष तिथल्या कोर्टात ग्राह्यच धरत नसत. कोणी लुटलं तर दाद कुठे मागायची? १८५८ साली, फ्रेझर नदीवर सोनं सापडल्याची बातमी पसरली तेव्हा, ते व्हिक्टोरियाला (आजच्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात) आले आणि इथेही दुकान थाटलं. १८६६ मध्ये नगरसेवक झाले. १८६८ साली ब्रिटिश कोलंबियातल्या येल गावच्या परिषदेत सॉल्ट स्प्रिंग बेटाचे प्रतिनिधी होते. ब्रिटिश कोलंबियाने कॅनडात सामील व्हावं यासाठी ती भरली होती. पुढे अमेरिकेत परतून ते न्यायाधीशही झाले.

आत्मचरित्र मिळालंय. मला हवी आहे ती नगरपालिकेतल्या कामाची माहिती. १८६६ नंतरच्या सभांची इतिवृत्तं व्हिक्टोरियात कोणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का? सामान्य माणसाला ती बघू देतात का, आधी वेळ घ्यावी लागते का? साक्षीचा तो कायदा बारा वर्षांच्या मुलांना कसा समजावावा, हेही शिक्षक मंडळींनी कृपया सुचवा. माझं तिथेच अडलंय.