वायसोलोन आणि हाडं: ‘बरं वाटलं की बंद करा’ म्हणणाऱ्यांना

गोळीबंद: ‘कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या) स्टेरॉइडने हाडं पोकळ होतात, शौचातलं रक्त थांबलं की गोळी त्याच दिवशी सोडा,’ असं काल एकाने इथे ठोकून दिलंय. महिनाभर रोज ४० मिग्रॅ वायसोलोन (प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड) घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेली असते. एकदम सोडलं तर रक्तदाब कोसळतो. आठवड्याला ५ मिग्रॅ कमी करत, असंच उतरायचं. शिवाय आतडं सुजलेलं असलं की टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनामुळे हाड खाणाऱ्या पेशींना चेव येतो. गोळी नसली तरी हाडं झिजतातच.

एक्सरे: म्हणून स्टेरॉइडला क्लीन चिट? पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच झीज सर्वांत वेगाने होते, आधी मणके झिजतात. खरा घोळ डोस पुन्हा चढण्यात आहे. १० मिग्रॅवर आले, रक्त पडलं, परत ४०! वर्षात दोनदा असं झालं तर अ‍ॅझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब या स्टेरॉइडऐवजी सूज आवरणाऱ्या औषधांचा विषय काढायलाच हवा.

नाचणीप्रेमी: रोज नाचणीची भाकरी खा की! १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिग्रॅ कॅल्शियम, दुधाच्या जवळपास तिप्पट.

एक्सरे: आली नाचणी! धान्यातलं फायटेट हे द्रव्य त्यातलं बरंच कॅल्शियम धरून ठेवतं. आणि क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) आतडं अरुंद झालेलं असेल तर कोंडा अडकतो. सत्त्व घ्या.

नाचणीप्रेमी: सत्त्व गाळलं की चोथ्याबरोबर कॅल्शियमही जातं, ते कोण सांगणार? मोड आणा, फायटेट उतरतं. दूध तर तुम्ही लोकांनी सरसकट बंद करून ठेवलंय.

ताकपिठ्या: सरसकट कशाला? लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसेल त्यांनीच दूध टाळावं. त्यातल्याही बहुतेकांना दही चालतं.

गोळीबंद: भाकरीवरून उतरा आता. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत कॅल्शियम ५०० मिग्रॅच असतं. ती जेवणासोबत घ्यायची, कारण तिला आम्ल लागतं. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही तूप-तेलाच्या जेवणानंतर. रोज खाणारे महाभाग आहेत, रक्तातलं कॅल्शियम चढवून घेतात.

नाचणीप्रेमी: बरं, गोळ्याही घ्या. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कधी?

एक्सरे: स्टेरॉइड तीन महिन्यांवर जाणार दिसलं की. पन्नाशीच्या आत झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघा, टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना) वाचून घाबरू नका. अ‍ॅलेन्ड्रोनेट (हाडांची झीज रोखणारी गोळी) लागलंच तर उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका सोलते.

गोळीबंद: मणक्यांचं मान्य. ‘क्लीन चिट’ मागे घ्या.

एक्सरे: घेतली, महाराज. आता २० मिग्रॅच्या खाली बरेच डॉक्टर अडीच-अडीच मिग्रॅने उतरवतात, तेही लिहा. नाहीतर लोक तुमचं पाचाचंच गणित शेवटपर्यंत चालवतील.