इंग्रजी कविता-गोष्टींचे पेपर आणि त्यानंतर कधीतरी... तुमचे अनुभव सांगा

पावसाळी_डोंबिवली
काल ऑफिसातून निघायला फार उशीर झाला. सीएसएमटीला धावत जो डबा मिळाला त्यात चढले, लेडीज पुढे राहिला. दाराजवळ एक काका उभे होते, सत्तरीच्या आतबाहेरचे, काळा रेनकोट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, कापडी पिशवीचा एक बंद तुटलेला त्याला गाठ मारलेली आणि आत कसलीतरी पुस्तकं. कुर्ल्याला जागा झाली तरी बसले नाहीत, नुसते बाहेर अंधारात बघत होते. आणि मला एकदम टीवायची दिलीप चित्र्यांची कविता आठवली, 'फादर रिटर्निंग होम', रात्री गाडीने घरी येणाऱ्या बापाची. तीच गाडी, तोच पिवळा उजेड, तोच रेनकोट, तीच पुस्तकांची पिशवी.

१९९७ ला पेपर होता. 'शहरी जीवनातलं तुटलेपण' या प्रश्नाचं उत्तर मला गाइडमधलं शब्दन् शब्द पाठ होतं, चार मुद्दे, शेवटी निष्कर्ष. डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो, मी आतल्या खोलीत दिव्याखाली बसून घोकत असायचे आणि त्याच वेळी बाबा घरी यायचे. गिरगावात छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे, यायला अकरा वाजायचे. आधी दाराबाहेर चपला झटकल्याचा आवाज, मग मोरीत पाय धुतल्याचा, मग ताटाचा. मी मान वर करून बघितल्याचं मला आठवत नाही. कवितेतली मुलं बापाशी धड बोलत नाहीत, त्या ओळीखाली मी लाल पेनाने रेघ मारली होती, महत्त्वाची म्हणून. आणि बाबा पाच फुटांवर एकटे जेवत होते.

काल ते काका ठाण्याला उतरले आणि मला रडू आवरेना.
तुमच्याकडे आहेत का अशा कविता, गोष्टी? परीक्षेसाठी वाचलेल्या आणि नंतर कधीतरी भेटलेल्या? लिहा ना.

कुकरच्या_शिट्ट्या
अगं काय लिहिलंस हे. भाजी फोडणीला टाकलीये, नंतर येते.

तेरणाकाठ
धाराशिव जिल्हा, मराठी मीडियम, एफवायला पहिल्यांदा वर्ड्सवर्थची 'डॅफोडिल्स' कविता. वर्गात कुणी ते फूल चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं. आम्ही इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहायचो, आय वाँडर्ड लोनली, आणि खाली अर्थ. सरांनी दोन तास शिकवलं, बघितलं की पोरांच्या तोंडावर काहीच नाही, म्हणाले चला उठा. सगळा वर्ग चालत कॉलेजच्या मागे एकाच्या सूर्यफुलाच्या रानात. बांधावर उभं केलं आणि म्हणाले, हे ते फूल नाही, त्याच्याशी याचा काही संबंध नाही, पण दहा हजार फुलं एकदम डोलताना बघणं म्हणजे काय ते बघा, कविता त्याबद्दल आहे. वारा सुटला होता. कुणी बोललं नाही बराच वेळ. मग ज्याचं रान होतं तो आला, वाटलं ओरडणार, तर सगळ्यांना विहिरीचं पाणी पाजलं.
आता तिकडे सगळीकडे सोयाबीन झालंय. सर पण गेले. ती कविता अजून तोंडपाठ आहे, आणि डोळ्यापुढे सूर्यफूलच येतं.

शिवडी_ते_शेफील्ड
तेरणाकाठ, तुमच्या सरांना नमस्कार. मी इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मुद्दाम लेक डिस्ट्रिक्टला गेले, अल्सवॉटर तळ्याच्या काठी, वर्ड्सवर्थला ती फुलं दिसली ती जागा. सांगते, रानटी डॅफोडिल अगदी बुटकं असतं, फिकट पिवळं, दुकानात मिळतात तसं भडक मोठं नाही. वाऱ्याने तळ्याचं पाणी पण हलत होतं, अगदी कवितेत आहे तसं.
आणि एक गोष्ट गाइडात कधीच नसायची. तो तिथे लोनली वगैरे नव्हता, बरोबर बहीण होती डोरोथी. १५ एप्रिल १८०२ ची तिची डायरी आहे, त्यात फुलं दगडांवर डोकं टेकून दमल्यासारखी निजली होती असं सगळं आधी तिनेच लिहिलंय, कविता दोनेक वर्षांनी झाली. आणि आपण सगळ्यांनी पाठ केलेल्या 'इनवर्ड आय'च्या दोन ओळी त्याच्या बायकोच्या, मेरीच्या. हे वर्ड्सवर्थने स्वतः सांगितलंय. कॉलेजात बाईंनी एवढं जरी सांगितलं असतं तर आम्ही मुली जास्त जीव लावून शिकलो असतो असं मला खरंच वाटतं.

कुकरच्या_शिट्ट्या
बायको आणि बहीण!! हे माहीतच नव्हतं. लेकीला सांगते, तिला यंदा आहे ती कविता.
माझी आठवण ओ. हेन्रीच्या 'गिफ्ट ऑफ द मॅजाय' गोष्टीची. नवऱ्याला भेट घ्यायची आणि डेलाकडे एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. आमचं लग्न झालं तेव्हा ह्यांना पगार चार चार महिने मिळायचा नाही, संक्रांतीच्या आधी मी डब्यातले पैसे तीनतीनदा मोजायचे, डेला मोजते तशीच, जसं काही मोजल्याने वाढणार आहेत. कॉलेजात वाटायचं काय उगाच तीनदा मोजते ही बाई.

गणिताचा_मास्तर
या गोष्टीत एक भानगड आहे बघा. १.८७ पैकी ६० सेंट पेनीमध्ये, म्हणजे एकेक सेंटच्या नाण्यांत होते असं लिहिलंय. उरले १.२७. ते पेनीशिवाय होणारच नाहीत, पाच दहा पंचवीसची नाणी घेतली तरी वरचे २ सेंट कुठून येणार? एफवायला मी हे वर्गात विचारलं तर गोष्टीकडे लक्ष दे म्हणाले.

कुकरच्या_शिट्ट्या
सर तुम्ही गोष्ट वाचताना हिशोब करत होता! मला आवडलं हे.

महाडची_लेक
निस्सीम इझिकेलची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन', आईला विंचू चावतो आणि गाव गोळा होतं ती. आमच्या वर्गात ती कविता नव्हतीच, ती बातमी होती.
आमच्याकडे लाल विंचू. भाताची कापणी, लाकडाचा ढीग, कौलं, कुठेही. चावला की घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी व्हायचं आणि धडधाकट माणूस सकाळपर्यंत जायचा. मुलं तर जास्तच. आणि मॅडम शिकवत होत्या अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान, गावकरी अडाणी, बाप रॅशनल, लिहून घ्या. आमच्यातली एक मुलगी उठून बाहेर गेली. तिचा भाऊ गेला होता, ती लहान असताना, आणि त्या रात्री घर असंच भरलं होतं माणसांनी, असेच कंदील, कुणी मंत्र म्हणत होतं, कुणी पाला वाटत होतं. ती मला नंतर म्हणाली ते लोक अडाणी नव्हते गं, ते रात्रभर बसले होते. मी पेपरात तेच लिहिलं, की ते रात्रभर बसले होते. किती मार्क मिळाले आठवत नाही.

दोन गोष्टी अजून. कवितेतला बाप आईच्या विंचू चावलेल्या अंगठ्यावर पॅराफिन ओततो आणि काडी लावतो, गाइडात त्याचा अर्थ मेण दिला होता. अहो ते रॉकेल!! इंग्रज रॉकेलला पॅराफिन म्हणतात. कंदिलातलं घरातलं रॉकेल. आम्ही सगळ्यांनी 'मेण' लिहिलं त्या वर्षी.
दुसरं म्हणजे इझिकेल बेने इस्रायली ज्यू, मुंबईत वाढलेले, पण तो समाज मूळचा आमच्याच रायगडच्या किनाऱ्यावरचा, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणायचे त्यांना, घरात मराठी. त्यांची ती रात्र आम्हाला परकी वाटली नाही त्यात नवल नाही.

सोनचाफा
महाडची लेक, म्हणजे बावस्कर डॉक्टरांचं गाव ना?

महाडची_लेक
हो हो तेच. डॉ. हिम्मतराव बावस्कर. सरकारी आरोग्य केंद्रात असताना रात्ररात्र पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि ब्लडप्रेशरची प्राझोसिन गोळी विंचवावर चालते हे दाखवलं, लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ ला पद्मश्री. त्या गोळीने आमच्या भागातली मरणं खूप कमी झाली. मला वाटतं कविता शिकवताना या माणसाचं नाव घ्यायलाच पाहिजे. शेवटी विज्ञान जिंकलं ते असं, कुणाला अडाणी न म्हणता, शेजारी बसून.

सोनचाफा
माझ्या मामाला त्यांनीच वाचवलं, ८९ साली. मामी अजून देव्हाऱ्यात त्यांचं नाव घेते. धाग्याशी संबंध नाही पण लिहावंसं वाटलं.

भंडारा_उधळला
मी जेजुरीची. सासवडला कॉलेज. एक दिवस सर म्हणाले उघडा पान, अरुण कोलटकर, 'अॅन ओल्ड वुमन'. जेजुरीची म्हातारी, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या टापेचं देऊळ दाखवते म्हणते, बाही सोडत नाही. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. माझी आजी गडाच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याच्या पुड्या विकायची हो. मला आधी रागच आला, हा कोण मुंबईचा माणूस आमच्या म्हाताऱ्यांवर इंग्रजीत लिहितो आणि १९७७ ला त्याला कॉमनवेल्थचं बक्षीस मिळतं.
संध्याकाळी घरी आले, आजी चुलीपुढे बसली होती, तिला सगळी कविता मराठीत सांगितली. तिच्या डोळ्यांच्या जागी बंदुकीच्या गोळीची भोकं दिसतात, त्यातून आभाळ दिसतं, सुरकुत्या पसरत जातात, डोंगराला तडे जातात, देवळाला तडे जातात, आभाळ फुटतं आणि ती तशीच उभी. आजी ऐकत होती, मधे मधे हं म्हणत. संपल्यावर विचारते, "मग दिलं का त्यानं पन्नास पैसं?"
मी पुस्तक काढून पुन्हा वाचलं. कवितेत ते नाहीच. शेवटी तोच माणूस तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो, पण दिले का ते नाही. सरांना सांगितलं तर सर खुर्चीत बसलेच. पुढचा अख्खा तास आम्ही यावर बोललो. वीस वर्षं झाली, माझं अजून ठरत नाही. मला वाटतं दिले असावेत.

तेरणाकाठ
आजी __/\__

शिवडी_ते_शेफील्ड
दिले असतील. नसते दिले तर कविता झाली नसती.

गणिताचा_मास्तर
मला उलट वाटतं. दिले असते तर विसरला असता.

निवृत्त_प्राध्यापिका
एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, नाशिक जिल्ह्यात. पेपर तपासण्याबद्दल सांगते. गठ्ठ्यात शंभर उत्तरं एकसारखी असतात, एकाच गाइडची, चुकासुद्धा त्याच. मुलांना मी कधी दोष दिला नाही. घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही, शेतातून येऊन वर्गात बसतात, पाठ करणं हाच त्यांना मिळालेला रस्ता होता.
एकदा चेकॉव्हच्या 'लॅमेंट'वर प्रश्न होता. घोडागाडीवाला आयोना, त्याचा मुलगा गेलाय, संध्याकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला बघतो, कुणी ऐकत नाही, शेवटी रात्री तबेल्यात घोडीला सांगतो. एका मुलाने गाइडचं अर्धं पान लिहिलं होतं, मग तिथेच थांबून खाली वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःचं एक वाक्य: माय फादर ऑल्सो टॉक टू बुलक आफ्टर माय ब्रदर. एवढंच. क्रियापद चुकलेलं, वाक्य अर्धं. मी पेन खाली ठेवला. स्टाफरूममध्ये पंखा चालू होता आणि सगळे आपापले गठ्ठे तपासत होते.
मी दहापैकी नऊ दिले. वर पुन्हा तपासणीला गेलं तेव्हा व्याकरणाच्या कारणाने ते चारवर आणले गेले. मी भांडले, लेखी दिलं, उपयोग झाला नाही. त्या मुलाचा नंबर सोडून मला काही माहीत नव्हतं. आजही वाटतं, चेकॉव्हची गोष्ट त्या वर्षी त्या गठ्ठ्यात एकालाच कळली होती, आणि त्यालाच आपण सांगितलं की तुला येत नाही.

सोनचाफा
बाई... काय बोलू. बैल विकला नसेल ना त्यांनी पुढे, एवढंच मनात आलं.

महाडची_लेक
आमच्या मॅडमना मी इतकी वर्षं मनात नावं ठेवत होते. आता वाटतंय त्यांच्यापुढेही असे गठ्ठे असतील.

कुकरच्या_शिट्ट्या
कोणाकडे 'लॅमेंट'चं मराठी आहे का? सासऱ्यांना वाचून दाखवायचंय, त्यांचा टांगा होता मनमाडला.

निवृत्त_प्राध्यापिका
मीच करून ठेवलंय एक, वर्गात वाचायला. हाताने लिहिलेलं आहे, फोटो काढून पाठवते. घोडीला सांगतो तो भाग सावकाश वाचा.

पावसाळी_डोंबिवली
सगळं वाचतेय, गाडीतच आहे. सांगायचं राहिलं, बाबा आहेत, ८१ चे. काल घरी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते, ते जागेच होते. कविता मोबाइलवर शोधली आणि त्यांना मराठीत सांगितली, जमेल तशी. ऐकून पहिला प्रश्न, पिशवीत पुस्तकं कसली? मी म्हटलं चित्र्यांचे वडील 'अभिरुचि' मासिक काढायचे बडोद्याहून, पुढे मुंबईला आले. एकदम ताठ बसले. म्हणाले, अभिरुचि? आमच्या फोरमनकडे जुने अंक होते. त्याचा टाइप काय होता, कागद कसा होता यावर पंधरा मिनिटं बोलले. इतकं सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते.
मग कवितेतला शिळी चपाती आणि पातळ चहाचा भाग सांगितला. जरा थांबले. म्हणाले, "माझी शिळी नसायची. तुझी आई तव्यावर गरम करून द्यायची. तू अभ्यास करायचीस म्हणून भांड्यांचा आवाज करायचो नाही आम्ही."

गणिताचा_मास्तर
काकांना माझा नमस्कार सांगा.
आणि ते पेनीचं, आत्ता मुलाने शोधून दिलं. अमेरिकेत पूर्वी २ सेंटचं आणि ३ सेंटचं नाणं होतं. २ चं १८७३ ला पाडायचं बंद झालं, ३ चं १८८९ ला. गोष्ट १९०५ ची. म्हणजे डेलाच्या डब्यात २ चं एखादं जुनं नाणं, नाहीतर ३ ची चार राहिली असतील तर हिशोब बरोबर बसतो.

कुकरच्या_शिट्ट्या
असणारच. डब्यात तळाशी असं एखादं राहतंच.