आशिया चषक हॉकी : पाकिस्तान आलं नाही म्हणून कप फुकटचा होते का?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

राजेहो, ७ सप्टेंबर २०२५ ची बिहारातल्या राजगीरची फायनल आम्ही किराणा दुकानाच्या ओट्यावर एकाच मोबाईलवर पाह्यली. चंद्रग्रहणाचा दिवस होता. वेध लागायच्या आधीच घरोघरी जेवणं उरकली होती, म्हणून कोणाले उठायची घाई नव्हती. भारतानं कोरियाले ४-१ हाणलं. पहिल्याच मिनिटात सुखजीतचा गोल! आमचं नेट अटकलं होतं, स्कोर आधी दिसला अन् गोल मागून.

आता आमच्या गावात एक मामा हायेत, सारं गाव त्यायले मामाच म्हणते. ते म्हणतात, "पाकिस्तान आलं नाही, ओमान आलं नाही. कझाकस्तानले १५-० मारलं, त्यात कायची मर्दुमकी? फुकटचा कप." मले पटत नाही, पण आकडा समोर टाकल्याशिवाय मामा हलत नाहीत. अन् कोरियासंग आधी २-२ बरोबरी झाली होती, मंग फायनलले परत तेच कसे? जाणकारायनं सांगा.

पीटी मास्तर, वरुड

भाऊ, दुसरं आधी सांगतो, ते सोपं आहे. चार-चार संघांचे दोन गट. प्रत्येकातले वरचे दोन सुपर फोरमध्ये. तिथे चौघं एकमेकांशी खेळतात आणि वरचे दोन फायनलला. आपण कोरियाशी २-२, मलेशियावर ४-१, चीनवर ७-० असे वर राहिलो, दुसरा कोरिया आला.

आता मामांचं. पाकिस्ताननं हा कप १९८२, १९८५ आणि १९८९ ला जिंकला, त्यानंतर एकदाही नाही. कोरियाकडे पाच आहेत, २०२२ चा जकार्तामधला धरून. म्हणजे आपण गतविजेत्याला हरवलं. शिवाय विजेत्याला २०२६ च्या विश्वचषकाचं थेट तिकीट होतं, त्यामुळे कोरिया काही पाहुणचार करायला आला नव्हता. आणि २००३ मध्ये क्वालालंपूरला आपला पहिला कप आला तो पाकिस्तानलाच फायनलमध्ये ४-२ हरवून. हेही सांगा त्यांना.

मी मुरमाच्या मैदानावर पोरांना हॉकी खेळवतो. चेंडू कुठं उसळेल त्याचा नेम नसतो, म्हणून टर्फवरचा तो सरळ पास पाहिला की जरा हेवाच वाटतो.

उलटा_डाव

मामा पार चुकीचे नाहीत हो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ ला आपण पाकिस्तानला १०-२ धुतलं, खरं. पण पुढच्याच वर्षी आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत फक्त २-१, तेही कर्णधार हरमनप्रीतच्या दोन पेनल्टी कॉर्नरवर (गोलाजवळच्या चुकीबद्दल मिळणारी संधी). आले असते तर एक सामना कठीण गेला असता. कप फुकटचा मात्र म्हणवत नाही.

पऱ्हाटीवाला

मास्तर, लई उपकार. मामाले १९८९ सांगतलं तं दोन मिनिटं गप बसले, तमाखू मळली, अन् नवीन काढलं, "चीनवर ४-३, जपानवर ३-२. हे गटात काठावरच वाचले ना?" आता याले काय सांगू?

पीटी मास्तर, वरुड

हे मामांचं बरोबर आहे, मान्य करून टाका. चीनविरुद्ध चारपैकी तीन गोल एकट्या हरमनप्रीतचे, जपानविरुद्ध तीनपैकी दोन त्याचेच. कर्णधाराचा ड्रॅगफ्लिक, म्हणजे स्टिकनं ओढत गोलात भिरकावलेला चेंडू, बसला नसता तर राजगीरमध्ये पहिल्याच आठवड्यात तोंडं उतरली असती. पण फायनलचा हिशेब पाहा : सुखजीतचा एक, दिलप्रीतचे दोन, अमित रोहिदासचा एक. हरमनप्रीतचा शून्य. माझ्या मते संघ स्पर्धा खेळता खेळताच तयार झाला. ज्या चीननं आधी तीन गोल केले, त्यालाच सुपर फोरमध्ये सात बसले आणि एकही करता आला नाही.

उलटा_डाव

मामांना इथं खातं उघडून द्या कुणीतरी.

पऱ्हाटीवाला

त्यायच्याजवळ बटनाचा फोन हाय. सात-शून्याचं उद्या पारावर सांगतो, काय म्हणतात ते लिहितो.