मदत हवी आहे: २७ फुटी शिडाच्या बोटीवर मैल्याची टाकी बसवावी की कोरडं टॉयलेट?

शिडवाट
नमस्कार. बोट २७ फुटी, जुन्या बनावटीची, अमेरिकेत कनेक्टिकटच्या किनाऱ्याला लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या चिंचोळ्या भागात मुरिंगवर (तळाला पक्क्या नांगरलेल्या बोयाला बांधून) असते. टॉयलेट हातपंपाचं आहे आणि त्याची नळी तळातल्या सीकॉकमधून (बोटीच्या भोकावरच्या तोटीतून) सरळ समुद्रात जाते. अख्खा साउंड 'नो-डिस्चार्ज झोन', म्हणजे मैला सोडायला बंदी असलेला भाग असल्यामुळे ते वापरता येत नाही. नियम नसता तरी तसं चालू ठेवायचं मनात नाही. उन्हाळ्यात साउंडच्या पश्चिम भागात नायट्रोजनमुळे तळाच्या पाण्यातला प्राणवायू आधीच फार खाली जातो, आणि किनाऱ्यालगत कालवांची शेती आहे.

वापर शनिवार-रविवारचा, दोघांचा, कधी तिघांचा. वर्षातून एकदा आठवडाभराची सफर. पुढच्या बंकखाली ६० लिटरची टाकी मावेल. टाकी, पोर्टेबल टॉयलेट आणि लघवी वेगळी करणारं कोरडं टॉयलेट यांतलं काय घ्यावं? ६० लिटर किती दिवस पुरतील? टाकी म्हटलं की जो तो वासाची भीती घालतो, तो वास नेमका येतो कुठून?

खोलपाणी
आधी रिकामं कुठे करणार ते बघा, टॉयलेट त्यावरून ठरतं. तुमच्याकडे दोन्ही काठांना पंप-आउट केंद्रं (टाकीतला मैला यंत्राने ओढून घेणारी) आहेत आणि बऱ्याच बंदरांत व्हीएचएफ रेडिओवर हाक मारली की पंप-आउटची होडी थेट मुरिंगवर येते. १९९२ च्या क्लीन व्हेसल ॲक्ट या अमेरिकी कायद्यातून यासाठी पैसा मिळतो, त्यामुळे सेवा फुकट नाहीतर नाममात्र दरात असते. एवढी सोय असताना टाकीच बसवा.

हिशेब असा धरा. माणशी दिवसाला दीड लिटर लघवी, पाच-सहा फेऱ्या, दर फेरीला दीड लिटर पाणी. म्हणजे माणशी १० लिटर. टाकी ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, म्हणजे हातात ४८ लिटर. दोघांना सव्वादोन ते अडीच दिवस, तिघांना जेमतेम दीड. आठवड्याच्या सफरीत एक दिवसाआड पंप-आउट असलेलं बंदर गाठायचं हे गृहीत धरूनच मार्ग आखा.

पाणी किती लागणार हे नळीवर अवलंबून असतं. ३८ मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे १.१ लिटर मावतं. टाकी टॉयलेटपासून तीन मीटर अंतरावर असली तर नळी साफ व्हायलाच सव्वातीन लिटर ढकलावे लागतात, आणि कंटाळून कोणी कमी पंप केलं की मैला नळीतच बसतो. म्हणून नळी टॉयलेटमधून निघाल्याबरोबर सरळ वर घ्या आणि तिथून टाकीपर्यंत सलग उतार द्या. मग मैला फक्त त्या उंचीच्या पलीकडे जाईपर्यंत पंप करायचं, पुढे तो आपोआप उतरतो.

पोर्टेबल टॉयलेट वाईट नाही, पण २० लिटरची खालची टाकी भरली की वजन २० किलोंच्या वर जातं. ती कॉकपिटमधून डिंगीत (छोट्या होडीत) उतरवताना, लाट येत असताना, सांडते. फक्त दिवसाच्या फेरफटक्याला घ्यायची असेल तर ठीक.

दोन_क्लॅम्प
वासाबद्दल. टाकी चांगली असेल तर वास तिच्यातून येत नाही. तो नळीतून झिरपतो, नाहीतर व्हेंटमध्ये (टाकीच्या हवेच्या नळीत) हवा खेळत नाही म्हणून तयार होतो.

नळीची परीक्षा सोपी आहे. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं नळीवर घट्ट गुंडाळा, गार होऊ द्या, मग बाजूला नेऊन फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला तर नळी आतून भिजली आहे. ती बाहेरून कितीही पुसा, उपयोग नाही, बदलावीच लागते. नवीन घेताना मैलापाण्यासाठीच बनवलेली सॅनिटेशन होज घ्या, साधी पांढरी पीव्हीसी नळी लवकर वास सोडते. टोक गरम पाण्यात धरून मऊ करा, भांड्याच्या साबणाचा थेंब लावून बसवा, आणि प्रत्येक जोडाला ३१६ स्टीलचे दोन क्लॅम्प. कुठेही झोळ पडू देऊ नका. झोळात मैलापाणी साचून राहतं आणि नळी तिथूनच खराब होते.

व्हेंट ही दुसरी गोष्ट, आणि बहुतेक बोटींवर हीच चुकलेली असते. कारखान्यातून १६ मिलिमीटरची बारीक नळी आणि जाळीचं टोपण येतं. टाकीत पुरेशी हवा गेली नाही की हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तो सडक्या अंड्यांचा वास. हा वायू विषारीही आहे, बंद केबिनमध्ये टाकीचं झाकण उघडून तोंड आत घालू नका. व्हेंट २५ मिलिमीटरची, आखूड, वर चढत जाणारी ठेवा. शक्य असेल तर दोन, एक डाव्या बाजूला, एक उजव्या, म्हणजे वारा आरपार जातो. व्हेंट तुंबलेली असताना पंप-आउटचं यंत्र लावलं तर निर्वातामुळे टाकी आत चेपते, तडकतेसुद्धा.

टाकी जाड पॉलिइथिलीनची घ्या. ॲल्युमिनियम लघवीने झिजतं, स्टेनलेसचे वेल्डसुद्धा गळू लागतात. भरलेल्या टाकीचं वजन ६० किलोंच्या पुढे, तेव्हा पट्टे आणि लाकडी ठोकळे दोन्ही हवेत. बाजू अर्धपारदर्शक असेल तर मार्करने पातळीच्या खुणा करा, आतले सेन्सर मैला चिकटून खोटं सांगायला लागतात.

ब्लीच आणि फॉर्मल्डिहाइडची रसायनं टाकू नका. त्यांनी उपयोगी जिवाणू मरतात आणि ब्लीचने रबरी भाग कडक होतात.

ओहोटी
कोरड्या टॉयलेटचा विचार असेल तर एक गैरसमज आधी दूर करा: लघवी वेगळी होते म्हणजे ती समुद्रात ओतता येते असं नाही. अमेरिकी कायद्यात ती मैल्यातच धरली आहे. बाटली साधारण ८ लिटरची येते, दोघांची ती अडीच दिवसांत भरते, आणि किनाऱ्यावरच्या शौचालयात नेऊन रिकामी करावी लागते. ती भरत आल्यावर बोट कलली की बाटली सांडते, म्हणून अर्ध्यावरच रिकामी करायची सवय लावा. घन भागात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं आणि १२ व्होल्टचा छोटा पंखा चोवीस तास चालतो, दिवसाला २ ते ५ अँपिअर-तास. पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, नाहीतर कोकोपीट भिजतं, वास आणि चिलटं सुरू होतात. बोटीवर ते पूर्ण खत होत नाही, नुसतं वाळतं. जंतांची अंडी त्यात कितीतरी महिने टिकतात, भाजीच्या वाफ्यात तर अजिबात नको.

मांडवा_मुरिंग
धागा वाचतोय, उपयोगी आहे. इकडे २२ फुटी बोट, जवळपास पंप-आउट नाही. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा १२ मैलांचा नियम आम्हाला लागतो का?

खोलपाणी
मार्पोलचं चौथं परिशिष्ट आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ४०० टनांच्या वरच्या किंवा १५ हून जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांसाठी आहे, तुमची बोट त्यात बसत नाही. पण त्यातलं माप पाळण्याजोगं आहे: प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांच्या, म्हणजे २२ किलोमीटरच्या बाहेर, वेग किमान ४ नॉट, आणि एकदम न सोडता हळूहळू. मांडव्याच्या फेरफटक्यात तुम्ही तेवढे बाहेर जाणारच नाही. खाडीच्या तोंडाशी सोडलेलं पाणी भरतीबरोबर आत येतं. तिसऱ्या आणि कालवं ते गाळून त्यातले विषाणू अंगात साठवतात आणि लोक ती काढून खातात. तुमच्यासाठी १०-१० लिटरच्या दोन टाक्या असलेलं पोर्टेबल घ्या. १० लिटर एका हाताने जेट्टीवर चढवता येतं. गटाराला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयात हळू ओता, नंतर दोन बादल्या पाणी.

शिडवाट
सगळ्यांचे आभार. टाकीच बसवतो. दोन शंका: समुद्रात जाणारी जुनी नळी वाय-व्हॉल्व्ह (मैला टाकीकडे किंवा समुद्राकडे वळवणारी तोटी) लावून ठेवावी का? आणि टॉयलेट पाण्याच्या पातळीखाली आहे, बोट कलल्यावर पाणी आत यायची भीती किती?

दोन_क्लॅम्प
वाय-व्हॉल्व्ह ठेवलात तर नो-डिस्चार्ज झोनमध्ये समुद्राकडचा मार्ग पक्का बंद असावा लागतो: हँडल काढून, कुलूप लावून, किंवा न सुटणाऱ्या वायर-टायने. नुसतं हँडल फिरवून ठेवलेलं तपासणीत चालत नाही. तुम्ही साउंडबाहेर जात नसाल तर ती नळी काढूनच टाका आणि सीकॉक बंद करून त्यावर प्लग बसवा. बोटीला जितकी भोकं कमी तितकं बरं.

दुसरी भीती खरी आहे, सायफन होऊन बोटी बुडतात. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या बाजूला व्हेंटेड लूप (माथ्यावर हवा आत घेणारी झडप असलेलं नळीचं उंच वळण) हवा, आणि तो पंप आणि भांडं यांच्या मध्ये. सीकॉक आणि पंप यांच्या मध्ये लावला तर पंप हवा ओढतो, पाणी येत नाही. बोट पूर्ण कललेली असतानाही लूपचा माथा पाण्याच्या पातळीच्या किमान १५ सेंटिमीटर वर राहील एवढा उंच घ्या. वापर झाला की सीकॉक बंद. भांड्यात पाणी मागून हळूहळू चढताना दिसलं तर जोकर व्हॉल्व्ह (मैला उलटा येऊ न देणारी झडप) गेला. ते बदकाच्या चोचीसारखं रबर वर्षा-दोन वर्षांनी बदला, सुटं मिळतं.

आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव नळीत मरतात आणि आठवड्याने पहिला पंप मारला की तोच वास येतो. त्यावर उपाय: बेसिनच्या निचऱ्याची नळी टी-जोडाने टॉयलेटच्या आत येणाऱ्या नळीला, सीकॉकच्या अगदी जवळ जोडा. बोट सोडताना सीकॉक बंद करा, बेसिन गोड्या पाण्याने भरा आणि टॉयलेटचा पंप मारा. पंप, नळी, भांडं सगळं गोड्या पाण्याने धुतलं जातं. पिण्याच्या पाण्याच्या दाबाच्या लाईनला मात्र टॉयलेट कधीही जोडू नका.

थंडीत बोट वर काढण्याआधी पंप-आउट, मग १५ लिटर स्वच्छ पाणी टाकून पुन्हा पंप-आउट, आणि शेवटी याच बेसिनमधून प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओढून घ्या. गाडीतलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घेऊ नका. भांड्यात आणि टाकीच्या तोंडाशी अँटिफ्रीझचा रंग दिसेपर्यंत पंप मारत राहा.