'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' आता पुरे झालं

कॅपो

गेल्या शनिवारी कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका कॅफेत आमचा कार्यक्रम होता. मी गिटार आणि गाणं, एक मित्र कहोनवर (वर बसून हातांनी वाजवायचं लाकडी खोकं), एक मैत्रीण पेटीवर. माईक फक्त गळ्याला, बाकी सगळं तसंच. तेरा गाणी, त्यातली आठ माझी स्वतःची. पोस्टरवर मालकांनी हौसेने छापलं होतं, 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव'.

राखीव म्हणजे पुढची दोन टेबलं, मालकांच्या नातेवाइकांची. ते पावणेनऊला आले आणि सव्वानऊला गेले. तिसरं गाणं सगळ्यात हळू आहे, नुसत्या बोटांनी तारा छेडायच्या. ते सुरू झालं आणि काउंटरवर दूध फेसाळायला लागलं. ते थांबलं तर ग्राइंडर. त्या ग्राइंडरचा सूर काळी एकच्या जरासा वर लागतो. मला आता तो पाठ आहे, कारण मी काळी एकमध्ये गात होतो आणि अख्खं कडवं त्याच्याशी भांडत काढलं. मग कोपऱ्यातल्या टेबलावर केक आला. त्यांनी आम्हालाच वाढदिवसाचं गाणं वाजवायला सांगितलं. वाजवलं. त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली.

हिशोब सांगतो. तारांचा सेट ७५०. रिहर्सलची खोली दोन वेळा मिळून १८००. रिक्षा ४२० (पेटी स्कूटरवर नेऊन बघा). मिळालं काय, तर तीन सँडविच आणि 'पुढच्या महिन्यात परत या हं'.

माझं म्हणणं सरळ आहे. तीस माणसांची मैफल असली तरी तिकीट लावायचं. १०० रुपये का होईना. त्यात मी श्रीमंत होणार नाही, पण ज्याने शंभर रुपये मोजले त्याला निदान समोर गाणं चालू आहे हे कळतं. फुकट म्हटलं की आपण कॅफेतल्या पंख्यासारखे. चालू असलो तर कुणी वर बघत नाही.

मोकाट

कोथरूडात लोक विनामूल्य कार्यक्रमालाही आधी फोन करून विचारतात, पार्किंग आहे का. तू शंभर रुपये मागतोयस. शुभेच्छा.

सतरंजी

कॅपो, राग समजला. औषध चुकलं.

मी १९८४ साली साताऱ्याहून पुण्याला शिकायला आले. मेसचे पैसे गेले की महिन्याला हातात चाळीस रुपये उरायचे, त्यातून एकही तिकीट निघालं नसतं. जे ऐकलं ते गणपतीच्या मांडवात, देवळाच्या उत्सवात, आणि कुणाकुणाच्या वाड्यातल्या बैठकीत. दार उघडं असायचं, आत गेलं तर 'तुम्ही कोण' असं कुणी विचारत नसे. फार तर कुणीतरी सरकून जागा द्यायचं. एकदा मी तंबोऱ्यापासून दोन हातांवर बसले होते. जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, घोडीवर तारेखाली दोरा असतो ना, तो त्या बाई नखाने इवलासा पुढे ढकलत होत्या. एका जागी तो आला आणि तोवर ठोकळ वाजणारी तार एकदम उघडली, खोली भरली. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं.

त्या वाड्याच्या दाराला शंभर रुपयांची पाटी असती, म्हणजे त्या वेळचे पाच म्हणा, तर ती मुलगी चौकटीवरूनच परत गेली असती. आणि आज तुमच्या कार्यक्रमाला तिकीट काढून यायला तयार असलेली एक म्हातारी कमी झाली असती.

राखीव जागांबद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे. रुमाल टाकून पहिली रांग अडवणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा.

कॉफीवाला

आता दुसऱ्या बाजूचं ऐका. सात वर्षं कॅफे चालवला, आता बंद केलाय, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही.

गाण्याच्या रात्री माझ्याकडे २८ खुर्च्या भरायच्या आणि गल्ला रिकामा. दोघांत एक कोल्ड कॉफी, ती दोन तास पुरवायची. साध्या शनिवारी तेच टेबल तीनदा उठतं. वर कलाकार येऊन हळूच म्हणणार, दादा, तेवढं मशीन बंद ठेवता का. अरे, दूध फेसाळलं नाही तर कॉफी होणार कशी? भाड्याला कुणी सांगत नाही गाणं चालू आहे तोवर थांब म्हणून.

तिकीटही लावून पाहिलं. १५०, त्यात एक चहा. नऊ माणसं आली. त्यातली पाच गाणाऱ्याची मित्रमंडळी, आणि दाराशी वाद कोणी घातला? त्याच पाचांनी. 'आम्ही त्याच्याबरोबरचे आहोत.' तिकीट लावलं की फुकट मागणारे पहिले लोक आर्टिस्टच्याच घरचे असतात, हे लिहून ठेवा.

कॅपो

@कॉफीवाला, मग त्याला कॅफे म्हणा, मैफल म्हणू नका. अमेरिकेत नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे आहे. १९८२ पासून चालू आहे, नव्वदेक खुर्च्या. गाणं चालू असताना कुजबुजलात तर शू: करतात. खायला-प्यायला तिथेही विकतातच की.

कॉफीवाला

नॅशव्हिलला घरटी एक गीतकार. कोथरूडला घरटी एक सल्लागार.

बदलापूर स्लो

पुणेकरांचं बरं आहे, वीस मिनिटांत घरी. माझ्यासारखा माणूस दादरला कार्यक्रमाला येतो तेव्हा परतीच्या गाडीचं गणित आधी करतो, रागाचं नंतर. साडेसातला म्हणता आणि साडेआठला सुरू करता, कारण 'लोक येतायत अजून'. मी आलोय ना! फुकट कार्यक्रमात वेळ पाळायची कुणालाच लाज वाटत नाही, गाणाऱ्यालाही नाही. तिकिटावर वेळ छापली की जरा तरी बंधन येतं. माझं मत तिकिटाला. शंभर काय, दोनशे घ्या, पण साडेसात म्हणजे साडेसात.

मोकाट

कॅफे सोडा, गच्चीवर करा की. भाडं नाही, मशीन नाही.

बदलापूर स्लो

गच्ची उघडी असते हो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर चालत नाही, बंद सभागृहाची गोष्ट वेगळी. माईक नसला तरी खालच्या मजल्यावरचे काका असतातच. ते नियमाची वाट बघत नाहीत.

जमाखर्च

व्यवसायाने सीए आहे, म्हणून दोन गोष्टी. तिकीट म्हटलं की लोक जीएसटीला घाबरतात. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. शंभराच्या तिकिटासाठी झोप उडवायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट कुणाला आवडणार नाही. कॅपोच्या तेरा गाण्यांत आठ त्याची. उरलेली पाच कुणाची? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सूट आहे, पण प्रेक्षकांकडून पैसे घेतले नसतील तरच (किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर). तिकीट लावलंत की ती सूट गेली, दुसऱ्याचं गाणं म्हणायला परवाना हवा. गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था तो देते. कॅफेवाल्यांनीही हुरळू नये. 'विनामूल्य' लिहून गाण्याच्या जोरावर कॉफी विकणारा माणूस हौशी मंडळ होत नाही.

म्हणजे फुकट ऐकण्याविरुद्ध धागा काढणारा स्वतः पाच गाणी फुकटच गात होता. गंमत म्हणून सांगितलं, रागावू नये.

कॅपो

रागावलो नाही. जरा लागलं.

पट्टीचा

मग अजून थोडं लागू दे. मी या शहरात बारा वर्षं तबला आणि कहोन वाजवतोय. कॅपोशी ओळख नाही, पण असे पन्नास कॅपो पाहिलेत. धाग्यात लिहितोस 'एक मित्र कहोनवर'. त्या मित्राला किती दिलेस?

मला सांगतात, 'अरे, आपलंच आहे, मजा येईल.' मजा येतेच. पण पोस्टरवर नाव गाणाऱ्याचं, रील गाणाऱ्याची, पुढचं बोलावणंही गाणाऱ्यालाच. आम्ही मित्र. पावसाळ्यात तबल्याची शाई उतरते, पुडी (वरचं चामडं) बदलायला टाकावी लागते, तेव्हा मैत्रीतून किती येतात? तुला कॅफेने सँडविच दिलं म्हणून तू चिडलास. माझ्या मते तुझ्या मित्राने तुझ्यावर तेवढंच चिडायला पाहिजे.

तिकीट लावायचं की नाही हा भांडणाचा विषय मला दुय्यम वाटतो. आधी आपापसात ठरवा, आलं तर कुणाला किती. पूर्वीच्या गवयांकडे बिदागी ठरायची तेव्हा साथीदाराचं वेगळं बोलणं असायचं, निदान तोंडाने तरी.

कॅपो

काही दिलं नाही. त्यालाही नाही, पेटीवालीलाही नाही. तारांचे ७५० मी हिशोबात धरले, आणि ते माझे. तुम्ही विचारेपर्यंत हे डोक्यातही आलं नव्हतं.

मोकाट

धागाकर्त्याने चूक मान्य केली?? स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत मधला मार्ग चालतो. भारतातून गायक दौऱ्यावर आले की कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये कार्यक्रम. चाळीसेक माणसं, चपलांचा ढीग, आधी प्रत्येकाने आणलेलं जेवण. निमंत्रणात लिहितात, सुचवलेली देणगी २० डॉलर. जिन्याच्या तोंडाशी टोपली ठेवलेली असते आणि यजमानीणबाई तिच्याशेजारी 'सहज' उभ्या असतात. विद्यार्थी पाच टाकतात, कुणी काहीच टाकत नाही, एखादा डॉक्टर शंभराची नोट घडी न घालता टाकतो, सगळ्यांना दिसेल अशी. कलाकाराला बरे पैसे सुटतात. मुलं मात्र वरच्या मजल्यावर टीव्ही बघत असतात, त्यावर अजून उपाय सापडला नाही.

सतरंजी

अहो, हे कीर्तनातलं आरतीचं ताट झालं की! त्यासाठी न्यू जर्सीपर्यंत कशाला जायला हवं. बुवांचा उत्तररंग संपला की आरती, आणि ताट सगळ्यांच्या पुढून फिरतं. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकायचं. माझ्याकडे नसायचे तेव्हा मी ताटाला नुसता हात लावून नमस्कार करायची, आणि कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. दाराशी पैसे मागितले की माणूस ऐकायच्या आधी किंमत करतो. ताट शेवटी येतं.

कॉफीवाला

काकू, देवापुढे टाकतात. गिटारपुढे टाकतील का?

बदलापूर स्लो

शेवटी ताट फिरवणार म्हणजे मला मिळणारच नाही, तोवर मी स्टेशनवर. आणि ऐपतीप्रमाणे म्हटलं की पुण्यात सगळ्यांची ऐपत दहा रुपये. मी तिकिटावर ठाम आहे.

पट्टीचा

दहा तर दहा. पण तीन भाग करा.

कॅपो

(दहा दिवसांनी.) सांगायला आलोय. तोच कॅफे, तेच आम्ही तिघं. 'काही जागा राखीव' पोस्टरवरून काढायला लावलं. मशीनबद्दल मालकांशी बोललो. हळू गाण्यांची यादी करून काउंटरवर चिकटवली, चार गाणी, तेवढ्यापुरतं ग्राइंडर बंद. ते तयार झाले, उलट म्हणाले की आधी कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांची गाणी या वेळी घेतली नाहीत, त्यामुळे कार्यक्रम तासाभरात संपला. बदलापूरकरांनाही गाडी मिळाली असती.

२६ माणसं होती. शेवटी पेटीवालीने आईकडून आणलेलं पितळी ताट फिरवलं. रोख घेऊन कोण फिरतं म्हणून ताटात क्यूआर कोडही ठेवला होता, आणि तो मालकांचाच होता. इथे घोळ झाला. एक गृहस्थ शेवटच्या गाण्याच्या मधेच उठले, त्यांना निघायचं होतं. त्यांनी ताट शोधून स्कॅन केलं, आणि मी वरच्या षड्जावर थांबलेलो असताना काउंटरवरचा डबा खणखणीत आवाजात म्हणाला, 'पन्नास रुपये प्राप्त झाले.' लोक इतके हसले की पुढचं कडवं सोडून दिलं.

एकूण १,८६० जमले. तिघांत ६२० प्रत्येकी. कहोनवाल्याने पैसे घेताना माझ्याकडे असं बघितलं की मी आजारी आहे की काय.

माझं मत बदललेलं नाही. सव्वीसांपैकी अकरा जणांनी काहीही टाकलं नाही, आणि त्यातले सहा मला नावानिशी माहीत आहेत. पुढच्या वेळी १०० रुपये तिकीट, विद्यार्थी आणि सतरंजीकाकू फुकट.

सतरंजी

मी तिकीट काढूनच येईन. पण मी त्या शनिवारीही आले होते, मागे खांबाजवळ. ताटाला हात लावून नमस्कार करणारी एक मुलगी होती, जांभळी पिशवी होती तिची. ती तुमच्या अकरांत मोजलीत की नाही?

कॅपो

मोजली.

मीटर डाउन

विषय चालूच ठेवा. फक्त त्या ताटात नाण्यांबरोबर गिटार छेडायचं एक पिवळं पिक गेलंय, ०.७३ मिमीचं. चुकून पडलं, देणगी नाही. परत पाहिजे.