टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड, पीएस/२ पिनवाला: नव्या लॅपटॉपला कसा जोडू?

मिरजकर
बाबांनी डीटीपीचं दुकान बंद केलं, तेव्हा त्यांचा टीव्हीएस गोल्ड मी घरी आणला. कळांखाली चेरी कंपनीचे निळे स्विच, खटखट अशी की शेजारी विचारतात. पिन गोल, पीएस/२ म्हणजे यूएसबीच्या आधीची. बाजारात मिळतो तो छोटा ठोकळा (एकीकडे गोल सॉकेट, दुसरीकडे यूएसबी) लावला. लावल्याबरोबर तिन्ही लाइट एकदा लुकलुकतात, पुढे एक अक्षर उमटत नाही. जुन्या पीसीवर मात्र व्यवस्थित चालतो. आणि बाबा रेमिंग्टनवाले (जुन्या टाइपरायटरसारखी मराठी अक्षरांची मांडणी), यूएसबी केल्यावर त्यांचा लेआउट बदलेल का?

तारकाम
कीबोर्ड ठणठणीत आहे हो. लाइट लुकलुकले म्हणजे ५ व्होल्ट पोचले आणि त्याने स्वतःची तपासणीही उरकली. पलीकडे त्याचं बोलणं कळणारं कुणी नाही, एवढंच. त्या ठोकळ्यात चिप नसते, नुसत्या चार तारा. यूएसबी आणि पीएस/२ दोन्ही येणाऱ्या कीबोर्डबरोबर तो फुकट द्यायचे, तिथेच तो चालतो.

पीएस/२ मध्ये कळ दाबली की कीबोर्ड स्वतःहून क्लॉक आणि डेटाच्या तारांवर कोड सोडतो. यूएसबीत कॉम्प्युटरने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. म्हणून मधे दुभाष्या हवा. दुकानात ‘ॲक्टिव्ह कन्व्हर्टर’ मागा: वीतभर वायर आणि टोकाला दोन सॉकेट, जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. स्वस्तातले काही भरभर टायपिंगला अक्षरं गाळतात, तेव्हा दुकानातच दोन ओळी बडवून बघा.

सोल्डरिंग येत असेल तर मी प्रो मायक्रो हा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्डच घेईन, एटीमेगा३२यू४ चिपचा, ५ व्होल्टवाला (३.३ चाही मिळतो, तो नको). त्यात टीएमके नावाचं पीएस/२ कन्व्हर्टर फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम). कीबोर्डच्या प्लगवर १ डेटा, ३ ग्राउंड, ४ पाच व्होल्ट, ५ क्लॉक. २ आणि ६ सोडून द्या. सॉकेटकडून पाहिलं की आकडे उलटे दिसतात, म्हणून मल्टिमीटरने बीप घेऊनच टाका मारा. फायदा असा की कळा हव्या तशा बदलता येतात. कॅप्स लॉक कोणाला लागतो?

बाबांना सांगा, निर्धास्त राहा. कीबोर्ड फक्त ‘अमुक कळ दाबली’ एवढंच कळवतो. रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट (दुसरी मांडणी), ते विंडोज किंवा तुमचं फॉन्टचं सॉफ्टवेअर ठरवतं.

खडखडाट
मधेच घुसतोय. माझ्याकडे याहून जुना आहे, मोठी पाच पिनांची गोल पिन. पालथा केला तर एक बारीक स्विच, ‘एक्स’ आणि ‘ए’. हा काय प्रकार?

तारकाम
वा, जपून ठेवा. एक्स म्हणजे एक्सटी, १९८१ च्या आयबीएम पीसीची पद्धत. ए म्हणजे १९८४ ची एटी. पिन तीच, बोली वेगळी. एक्सटी एकतर्फी, कॉम्प्युटर उलट काही सांगू शकत नाही, त्यामुळे लाइटही कीबोर्डच सांभाळतो. केबल काढून स्विच ‘ए’वर सरकवा. एटी आणि पीएस/२ ची बोली एकच, म्हणून पाच पिनी ते पीएस/२ हा नुसत्या तारांचा ठोकळा तुम्हाला पुरेल. त्याच्यापुढे वरचाच ॲक्टिव्ह कन्व्हर्टर.

स्विच नसलेला ८३ कळांचा निव्वळ एक्सटी असता, तर बाजारातला साधा कन्व्हर्टर हात वर करतो. तिथे प्रो मायक्रो आणि एक्सटीचं फर्मवेअर. पालथ्या बाजूचा फोटो टाका, लेबलसकट.